ज्वारी, सोयाबीन आणि गुरुवारचा डबा

पहाटे साडेचार

गुरुवार तासभर आधी उगवतो. एरवी मी घरोघर पुरवते त्या डब्यांत भाकरी, वरण, एखादी पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी असते. गुरुवारी रात्रीचा डबा मात्र परदेशी. म्हणजे कुठल्यातरी देशातल्या घरात रोज खाल्लं जाणारं जेवण, जे आपल्या परभणी जिल्ह्यात पिकणाऱ्या मालातून शिजवता येईल असं. ही अट मी पहिल्यापासून पाळते. बाटलीतली ऑलिव्हं आणि डब्यातलं चीज पुण्याहून मागवून केलेला स्वयंपाक वाढदिवसापुरता होतो आणि ज्याला परवडतो त्याच्याच घरी होतो. आपल्याच रानातलं धान्य दुसऱ्या देशातली बाई कसं शिजवते ते शिकलं, तर तो पदार्थ रोजच्या ताटात बसतो.

आज कोरिया. तिखट रश्श्यात मुरवलेला टोफू, ज्वारी घातलेला भात, पालकाची तिळातली भाजी. सोया सॉस, ब्याडगी मिरची आणि तांदूळ तेवढे बाहेरचे, बाकी सगळं इथलं.

टोफूसाठी दीड किलो सोयाबीन काल संध्याकाळी भिजत घातलं होतं. उन्हाळ्यात आठ तास पुरतात. पौषातल्या थंडीत बारा लागतात. एक दाणा सोलून त्याच्या दोन्ही डाळिंब्या बघते. आतली बाजू सपाट असली की भिजलं. मधोमध खळगा दिसला तर अजून पाणी प्यायचंय. मग दोन हातांत चोळून सालं वर आणायची, पाण्याबरोबर ओतून द्यायची, आणि दाणे ताज्या पाण्यात मिक्सरमधून गंधासारखे वाटायचे. पाव किलोला दोन लिटर पाणी, या हिशेबानं आज बारा लिटर. ते पंच्यातून पिळून काढलं की पांढरंशुभ्र दूध खाली आणि चोथा वर.

मदतीला येणाऱ्या मावशी पाच वाजता येतात. त्या आल्या की दूध चुलीवर, कारण हे दूध सोडून कुठं जाता येत नाही. फेस एकदम वर येतो, म्हणून भगुनं दुप्पट मोठं. उकळी फुटल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं तरी ढवळत शिजवायचंच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. उष्णतेनं ते मोडतात आणि कच्चट वासही जातो. यात घाई केली तर पोट बिघडतं.

भगुनं उतरवून जरा निवू द्यायचं, आणि मग डझन-दीड डझन लिंबांचा रस पाण्यात मिसळून तीन वेळा थोडा थोडा ओतायचा. ओतताना डाव हळूच फिरवायचा, घुसळायचं नाही.

"ताई, फुटायलंय बघा," मावशी म्हणतात.

पांढरे ढग वर, पिवळसर निवळ पाणी खाली. जपानात यासाठी समुद्राच्या मिठातून निघणारं निगारी वापरतात, चीनमध्ये बऱ्याच भागांत जिप्सम. चीनमध्ये टोफूची लेखी नोंद दहाव्या शतकातली, म्हणजे ज्ञानेश्वरांच्याही आधीची. लिंबानं जमलेला टोफू थोडा ठिसूळ होतो, म्हणून मी दाब जास्त वेळ ठेवते. पंच्यात बांधून, वर पाट आणि पाटावर पाण्यानं भरलेली कळशी.

सकाळी सहा

आता तासभर भाकरी. मावशी थापतात, मी शेकते. पीठ परवाच दळून आणलेलं. जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी काठाला फाटते. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नाही, त्यामुळे सगळी भिस्त गरम पाण्यावर आणि तळहातावर.

ज्वारी आफ्रिकेतून आली. पूर्व सुदानात पाच हजार वर्षांपूर्वीची खापरं सापडली आहेत, त्यांत ज्वारीच्या भुसाचे ठसे आहेत. कुंभाराच्या मातीत मिसळलेलं भूस जळून गेलं, पण ठसा उरला. त्या ठशांवरून तिथले लोक तेव्हाच ज्वारीची लागवड करत होते असं संशोधकांनी ठरवलं. सुदानात आजही ज्वारीची भाकरीच खातात, फक्त ती आंबवलेली आणि पातळ. पीठ रात्रभर आंबवतात, सकाळी सैल करून तापलेल्या तव्यावर ओततात आणि पामच्या झाडाच्या पात्याच्या तुकड्यानं झरकन पसरवतात. तिला किसरा म्हणतात. सोबत वाळवलेल्या भेंडीच्या पुडीनं दाट केलेलं कालवण.

सुदानचा गुरुवार केला तेव्हा मला काही नवं शिकावं लागलं नाही. आंबवण माझ्याकडे होतंच. वेळ अमावस्येला रानात न्यायची आंबील आमच्या घरी आजही मातीच्या बिंदगीत आंबते. तेच आंबवण पिठात घातलं. भेंडी तर परभणीचीच. इथल्या कृषी विद्यापीठानं 'परभणी क्रांती' हे वाण काढलं, भेंडीचा तिच्या जंगली भाऊबंदाशी संकर करून, त्यामुळे पानं पिवळी पाडणारा केवडा रोग तिला लवकर गाठत नसे. भेंडीचे काप चार उन्हं वाळवले आणि खलबत्त्यात कुटले. कालवण इतकं दाट झालं की मावशींनी त्याला पिठल्याच्या पंगतीत बसवलं.

सकाळी साडेसात

तीसेक डबे जातात. घेणारे बहुतेक विद्यापीठातले विद्यार्थी, काही बँकेतले, दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या दोन नर्सबाई, आणि एक निवृत्त गुरुजी ज्यांना भाकरी पातळच लागते. आज हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. या दिवसांत हरभरा शेंडे खुडण्याजोगा असतो आणि ती भाजी आठ-पंधरा दिवसच मिळते. अशा वेळी मी कुठल्याही देशाला वाट अडवू देत नाही.

सकाळी साडेनऊ

मोंढ्यात सोयाबीन घ्यायला गेले की अजूनही लोक वळून बघतात. क्विंटलानं येणाऱ्या मालातून पाच किलो मागणारी बाई.

"तेलाला जातंय हे सगळं. खायला नेऊ लालाव का?"

नेऊ लाले. खरंच खायला.

याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. जिल्ह्यात खरीप म्हणजे सोयाबीन आणि कापूस. गंगाखेड, पाथरी, सेलू, जिंतूर, कुठल्याही रस्त्याला लागा, ऑगस्टात दोन्ही बाजूंना सोयाबीन. त्या दाण्यात जवळजवळ ४० टक्के प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीच्या दीडपटीहून जास्त, आणि २० टक्क्यांच्या आसपास तेल. आपण ते पेरतो, फवारतो, कापतो, मळणी करून पोत्यात भरतो आणि एकही दाणा घरात न ठेवता विकतो. तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते. २०२४-२५ साली हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, म्हणजे किलोला पन्नासच्या आत, आणि बाजारात कित्येकांना तेवढाही मिळाला नाही. ज्या घरात मुलांना दूध-अंडी रोज परवडत नाहीत, त्याच घराच्या ओसरीत या प्रथिनाची पोती रचलेली असतात. हे मला बघवत नाही. चीन, कोरिया, जपान, इंडोनेशिया, एवढ्या मोठ्या मुलखातल्या बायकांनी याच दाण्याचं दूध, टोफू, टेंपे, आंबवलेली चटणी असं काय काय केलं. आपल्याकडे हे पीक आलं ते कारखान्याच्या वाटेनं, चुलीच्या वाटेनं आलंच नाही. म्हणून त्याची एकही पाककृती आजीकडून नातीकडे गेली नाही. ती आता आपल्यालाच बाहेरून आणावी लागणार.

एक गोष्ट मात्र कुणी विसरू नये: पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतलं बियाणं कधीही खायचं नाही. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. खायला घ्यायचं ते मळणीचं, स्वच्छ, न भिजलेलं, काळा डाग नसलेलं.

तिथून भाजीबाजार. पालक, पातीचा कांदा, लसूण. मग किराणा दुकानात सोया सॉस आणि ब्याडगी मिरची. कोरियातलं तिखट जाडसर, लालभडक आणि सौम्य असतं. ब्याडगीच्या बिया काढून ती जाडीभरडी कुटली की जवळपास पोचते. आपलं रोजचं तिखट घातलं तर नुसता जाळ. दुकानात कोरियन नूडल्सची पाकिटं टांगलेली दिसली. पोरं मोबाइलवर कोरियन मालिका बघतात, त्यांना ती हवी असतात. मला वाटतं, त्या मालिकेतली आई घरी काय शिजवते तेही या पोरांना खायला मिळावं.

दुपारी बारा

शेजारच्या आपा येतात. त्या आल्या की मी बसते, दिवसात एकदाच. फेब्रुवारीत परभणीतल्या तुरतपीराचा उरूस, घरी पाहुणे, म्हणून आज विषय खिचड्याचा. त्यांच्याकडे तो मोहरमला होतो, पण पाहुण्यांनी मागितला की उरुसातही. गहू रात्रभर भिजवून, कांडून, डाळी आणि मटणाबरोबर तासन् तास शिजवायचा आणि लाकडी घोटणीनं घोटत राहायचं.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादचा स्वयंपाक आमच्याकडे पाहुणा म्हणून आलेला नाही, तो घरातलाच आहे. निजामाच्या फौजेत येमेनकडचे अरब होते. त्यांचा हरीस, म्हणजे कुटलेला गहू आणि मांस, हैदराबादेत मसाले घेऊन हलीम झाला, खिचड्याचाच भाऊबंद. त्या हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुर्कस्तानात हाच पदार्थ केश्केक या नावानं लग्नात सगळं गाव मिळून घोटतं, आणि २०११ साली युनेस्कोनं त्याची वारसा म्हणून नोंद केली. आर्मेनियातही आहे. आपांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "घोटायला मर्द लोक येतात का तिकडे?" येतात. तुर्कस्तानात घोटायचं काम बहुतेक पुरुषच करतात. आपांनी ते घरी जाऊन ऐकवायचं ठरवलं.

गव्हाच्या या घराण्यात आपली खीरही आहे. कांडलेला गहू, गूळ, खसखस, खोबरं. इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेटावर १३ डिसेंबरला, संत लुचियाच्या दिवशी, उकडलेल्या गव्हात मध आणि ताजं रिकोटा घालून कुच्चा करतात. दुष्काळात गव्हाचं जहाज बंदराला लागलं तेव्हा दळायलाही दम नसलेल्या लोकांनी गहू तसाच उकडून खाल्ला, असं तिकडे सांगतात. त्या दिवशी सिसिलीत पोळी-पाव खात नाहीत. दुष्काळ पाहिलेल्या मुलखातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मी कुच्चा केला तेव्हा रिकोटाच्या जागी नासवलेल्या दुधाचा छेना घातला होता, फार गोड न करता. खपली गहू मिळाला तर तोच घ्यावा. इटलीत ज्याला फार्रो म्हणतात, त्यातला एक प्रकार म्हणजे आपली खपलीच.

दुपारी तीन

संध्याकाळच्या भाताची तयारी. कोरियात वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला पाच धान्यांचा भात करतात: चिकट तांदूळ, ज्वारी, राळ्यासारखं बारीक धान्य, लाल चवळीसारखा घेवडा आणि काळं सोयाबीन. लेकराच्या पहिल्या वाढदिवसाला ज्वारीच्या पिठाचे, लाल घेवड्याच्या पुरणात घोळवलेले गोळे करतात. त्यांच्या लाल रंगानं इडापिडा टळते असं मानतात. ज्वारी कोरियन आईच्या हातातही शुभ आहे हे वाचलं, तेव्हाच आजचा डबा ठरला.

अख्खी ज्वारी रात्रभर भिजलेली. कुकरमध्ये वेगळी शिजवायची, अर्धा तास तरी. भाताबरोबर टाकली तर भाताचा लगदा आणि ज्वारी कचकच. शिजलेली ज्वारी, चवळी आणि इंद्रायणी तांदूळ मग एकत्र. इंद्रायणी यासाठी की तो चिकट होतो. बासमतीचा मोकळा भात या जेवणात परका वाटतो.

इथं मी खरिपाची ज्वारी वापरते, 'परभणी शक्ती'. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या मराठवाडा कृषी विद्यापीठानं, २०१३ पासून ज्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर हे वाण तयार केलं. २०१८ साली ते आलं. त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त आहे, नेहमीच्या वाणांच्या दीडपट. तरी घरोघर भाकरीला माणसं रब्बीचीच ज्वारी मागतात, मालदांडी नाहीतर परभणी मोती, आणि त्यांचं बरोबर आहे. टपोऱ्या, मोत्यासारख्या रब्बीच्या दाण्याची गोडी खरिपाच्या भाकरीला येत नाही. मग खरिपाची ज्वारी भाकरीत कोंबायचा हट्ट कशाला? भातात घाला, कण्या करा, आंबील करा. अख्खा दाणा चावून खाताना तिची चव चांगली लागते.

दुपारी साडेचार

टोफू कळशीखालून निघाला, तीन किलोच्या आत-बाहेर. अर्ध्या इंचाच्या वड्या, कापडानं टिपून कोरड्या. तव्यावर थोडं तेल, दोन्ही बाजूंनी बदामी रंग येईपर्यंत हलवायच्या नाहीत. हलवल्या की मोडतात. पाव किलोला दोन चमचे सोया सॉस, चमचाभर कुटलेली ब्याडगी, चार लसूण पाकळ्या ठेचून, सुपारीएवढा गूळ, अर्धी वाटी पाणी. वड्या पसरट भांड्यात एका थरात लावून हे वरून ओतायचं, मंद आचेवर रस आटून वड्यांना लपेटेपर्यंत ठेवायचं. शेवटी पातीचा कांदा आणि भाजलेले तीळ. मीठ नाही; सॉसमध्ये भरपूर असतं.

पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच गार पाण्यात, घट्ट पिळून चिरायचा. लसूण, चमचाभर सॉस, कुटलेले भाजके तीळ. कोरियन तिळतेल भाजलेल्या तिळांचं असतं आणि त्याचा वास खमंग. आपल्या घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं. म्हणून तीळ जास्त भाजायचे आणि तेल थोडंच.

चोथा राहिला तो मावशींचा. त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, ओवा, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि ओल्या फडक्यावर थापून धपाटे. मऊ होतात, दुसऱ्या दिवशीही. जपानात या चोथ्याची भाजी करतात, कोरियात आमटीसारखं कालवण. मावशींचे धपाटे मला दोन्हींपेक्षा आवडतात.

संध्याकाळी साडेसहा

डबे भरताना मी प्रत्येक डब्यात चिठ्ठी घालते: पदार्थ कुठला, कशापासून केला. गुरुजींच्या डब्यात टोफूच्या दोनच वड्या आणि बाजूला वाटीभर वरण, कारण त्यांच्या वयाला प्रयोगाची सक्ती नको. ज्वारीचा भात मात्र त्यांनीच मागून घेतला होता. त्यांच्या लहानपणी घरी तांदूळ सणालाच व्हायचा आणि रोज ज्वारीच्या कण्या. कोरियात ज्वारी भातात घालतात हे ऐकून ते खूप वेळ बोलत राहिले.

रात्री साडेआठ

फोन येतात. एकीला तिखट कमी वाटलं. नर्सबाईंना पालक आवडला, कृती हवी. पाथरीकडच्या एका गावातल्या विद्यार्थ्याचा फोन वेगळा होता. त्याला वाटलं पनीर आहे. चिठ्ठी नंतर वाचली. त्याच्या घरी यंदा चार एकर सोयाबीन, भावाची वाट बघत अजून काही पोती घरातच. "काकू, हे आमच्या पोत्यातलंच आहे की," तो म्हणाला. त्यानं गावी फोन लावला आणि आईला माझ्याशी बोलायला दिलं. त्या माउलीनं सगळं नीट विचारून घेतलं: भिजवायचं किती, मिक्सर नसेल तर पाट्यावर चालेल का, चोथा म्हशीला घालायचा का. पाट्यावर चालतं, वेळ लागतो. चोथा म्हशीला घालू नका, तुम्हीच खा.

रात्री दहा

हिशेब. टोफूचं सोयाबीन पाऊणशे रुपयांचं, लिंबं, गॅस, तांदूळ, सॉस धरूनही डबा रोजच्याच किमतीत बसला. एवढंच पनीर आणलं असतं तर हजारापर्यंत गेलं असतं.

पुढच्या गुरुवारी इटली. हुलग्याचे शेंगोळे आणि इटलीतल्या तोस्कानाकडचा पिची, दोन्ही हातानं वळायचे, दोन्ही पीठ-पाण्याचे. एकाला लसणाचं तिखट पाणी, दुसऱ्याला टोमॅटो-लसूण. पिचीत अंडं घालायची गरज नसते. बन्सी गव्हाचं पीठ घेईन, तो पास्त्याच्याच जातीचा, कडक दाण्याचा. मावशींचं म्हणणं, शेंगोळे आणि पिची एकाच डब्यात द्यावेत, खाणाऱ्याला कळू दे कोण कुणाचा भाऊ ते. दोन प्रकार वळायला दीड तास जास्त लागेल, आपांना हाताशी बोलवावं लागेल. बोलवते. हुलगे उद्याच गिरणीत टाकायला हवेत, बन्सी शनिवारी.